देवावर भार आणि घरचा हिशेब : मराठी ख्रिस्ती साहित्यातील भरवशाची भाषा

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवणारी तुकोबांची पालखी पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात काढते आणि दुसऱ्या रात्रीच्या मुक्कामास आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात येते. आज आकुर्डी हे नाव उच्चारले की कारखाने, मालमोटारी आणि जुना मुंबई-पुणे रस्ता डोळ्यांपुढे येतो. परंतु तुकारामपुत्र नारायणबाबांनी १६८५ साली या पालखीची परंपरा सुरू केली तेव्हा येथे शेते होती, आणि ज्या एका वृत्तीची आठवण ही पालखी घेऊन चालते तिला कारखान्यांशी काही कर्तव्य नव्हते. देवावर भार घालून चालू लागणे ही ती वृत्ती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला या मुक्कामाचे स्मरण ठेवावे लागते, त्याचे कारण उघड आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे या वाङ्मयाचे सर्वांत मोठे कवी. आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते स्वतःच सांगत असत. हे उद्गार आजवर अनेकांनी आदराने उद्धृत केले आहेत. पण पुलावरून येताना मनुष्य पलीकडच्या तीरावरील काही ओझे बरोबर आणतोच. टिळकांनी तुकोबांकडून कोणती भक्ती आणली हे पुष्कळांनी पाहिले. भक्तीबरोबर कोणता प्रश्न आणला, तो पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तो प्रश्न असा. स्वतःच्या बळावर विसंबू नये, देवावर विसंबावे, अशी शिकवण ख्रिस्ती जीवनाच्या गाभ्याशी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या प्रारंभीच पौल आपल्यावर आशियात आलेल्या संकटाचे वर्णन करतो. जगण्याचीही आशा उरली नाही, आणि त्यातून आपण स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठविणाऱ्या देवावर भरवसा ठेवण्यास शिकलो, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. मात्र हाच पौल करिंथात तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. म्हणजे आपल्यावर न विसंबणे याचा अर्थ हात जोडून स्वस्थ बसणे असा त्याने केला नव्हता. मग त्याचा नेमका अर्थ काय? आणि एकाने देवावर भार टाकला म्हणजे तो भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो? धर्मशास्त्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर साहित्यातच शोधावे लागते. आणि मराठीत ते सापडते, असे आमचे मत आहे.

आधी शब्दांकडे पाहू. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ हा शब्द योजिला आणि श्रद्धावंतांस ‘भावार्थी’ म्हटले. भाव हा शब्द भक्तिमार्गाचा. त्यात अंतःकरणाची ओल आहे, पण व्यवहाराचा स्पर्श नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरांनी ‘विश्वास’ रूढ केला. विश्वासात दोन पक्ष आले, शब्द दिला-घेतला गेला, एक प्रकारचा करार आला. याशिवाय बोलीत आणि प्रार्थनांत ‘भरवसा’, ‘भिस्त’, ‘हवाला’, ‘भार’ हे शब्द सतत वावरत राहिले. हे सारे बाजारातले किंवा वाहतुकीतले शब्द आहेत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. हवाला टाकावयाचा तो सावकाराच्या पेढीवर, भार घालावयाचा तो बैलाच्या पाठीवर किंवा तुळईवर. मराठी माणूस देवावर विसंबण्याविषयी बोलू लागला की तो नकळत देण्याघेण्याचे बोलू लागतो. म्हणूनच या भाषेला विश्वासाच्या विडंबनाचीही फार चांगली जाण आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण कोणा नास्तिकाने रचलेली नाही. देवावर विसंबण्याचे नाव सांगून जो स्वतः हलत नाही, त्याच्याविषयी भाविक समाजानेच ती रचली आहे.

तुकोबा स्वतः वाणी. त्यांच्या शरणागतीची भाषा हिशेबाने भरलेली आहे, यात नवल नाही. परंतु तिच्यामागील घटनाक्रम महत्त्वाचा आहे. १६३० चा भयंकर दुष्काळ पडला, पहिली पत्नी अन्नाविना गेली, दुकान बुडाले. स्वतःच्या बळावरचा विश्वास असा मोडून पडल्यानंतर त्यांनी देवावर हवाला ठेवला. पुढे कुळांची खतपत्रे इंद्रायणीत बुडविताना त्यांनी केवळ आपल्या वाट्याची बुडविली, धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्यास वेगळी काढून दिली, असे परंपरा सांगते. ही गोष्ट प्रवचनांत घाईने सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला तिचे मोल फार वाटते. देवावर आपण विसंबावे, पण दुसऱ्याचा वाटा आपल्या विश्वासापायी पाण्यात घालू नये, असा विवेक त्या वाटणीत आहे. मात्र त्या विवेकाची मर्यादाही तेथेच दिसते. कान्होबाचा वाटा निघाला, जिजाईचा निघाला नाही. घरात दाणा नाही आणि पती डोंगरावर, हे दुःख तिच्या वाट्याला आले. आणि लोकांनी तिला आवली म्हणून, कजाग म्हणून लक्षात ठेवले. तिची बाजू आपल्याला मिळते ती पतीच्या आणि चरित्रकारांच्या तोंडून. तिने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंकडे वळले म्हणजे एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरते. देवावर भार टाकणारी आणि घरचा हिशेब ठेवणारी व्यक्ती येथे एकच आहे.

रमाबाईंविषयी लिहिणारे बहुधा दोन तुकड्या करतात. एक तुकडी १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीति’पासून १८८९ च्या शारदासदनापर्यंतच्या रमाबाईंना मानते, ती सुधारकांची. दुसरी केडगावच्या मुक्तिसदनातील, १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीतील रमाबाईंना मानते, ती मिशनांची. पहिल्या तुकडीला वाटते की स्वावलंबनाचा उपदेश करणारी बाई पुढे प्रार्थनेच्या आहारी गेली. दुसऱ्या तुकडीला वाटते की मानवी बळावर विसंबणारी बाई अखेर देवावर विसंबावयास शिकली. दोघांचेही चित्र एकाच गृहीतकावर उभे आहे, ते म्हणजे स्वावलंबन आणि ईश्वरावलंबन ही दोन टोके आहेत. आमच्या मते रमाबाईंचे लेखन हे गृहीतक मान्य करीत नाही.

पुरावा पाहावा. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तकात रमाबाई या स्त्रियांच्या मुख्य गरजा तीन सांगतात. पहिली स्वावलंबन, दुसरी शिक्षण, तिसरी स्वदेशीय शिक्षिका. स्वावलंबन शिक्षणाच्याही आधी आहे, हे ध्यानात घ्यावे. हे पुस्तक लिहिणारी बाई तेव्हा चार वर्षांची ख्रिस्ती होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला होता. त्याआधी स्वतःचा इंग्लंडप्रवास तिने ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या पैशावर केला होता. पुढे १९०७ च्या इंग्रजी साक्षीत त्या मुक्तिसदनाचा सारा भार देवावर असल्याचे सांगतात. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे अनाथाश्रम, हडसन टेलर यांचे चीनमधील मिशन आणि जॉन पेटन यांचे चरित्र वाचून, या माणसांनी आपापल्या देशांत परमेश्वरावर जसा भरवसा ठेवला तसा हिंदुस्थानात ठेवता येईल काय, असा प्रश्न आपल्याला पडला, असे त्यांनी लिहिले आहे. या प्रश्नातील ‘हिंदुस्थानात’ हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे. देव इंग्लंडात पैसे पाठवितो, तो पुणे जिल्ह्यातही पाठवील काय, असा तो साधा आणि काहीसा रोखठोक प्रश्न आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईने देवावर विसंबण्याचा एक भीषण प्रकार लहानपणी पाहिला होता. १८७० च्या दशकातील दुष्काळात तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण उपासमारीने गेली. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले ते मराठी मनाला चटका लावणारे आहे. कुटुंबाजवळ जे होते ते देवांना आणि ब्राह्मणांना अर्पण झाले. तीर्थे, जप, अनुष्ठाने झाली. धन कोठून तरी येईल म्हणून वाट पाहिली गेली. अंगमेहनतीचे काम करणे किंवा भीक मागणे मात्र कुळाच्या अभिमानाला मानवले नाही. या हकीगतीत रमाबाई हिंदू धर्मावर टीका करतात, असे वाचण्याची प्रथा आहे, आणि तशी टीका तेथे आहेही. परंतु त्या टीकेचे टोक विशिष्ट दैवतापेक्षा एका वृत्तीवर अधिक आहे. काम करण्याची लाज वाटते म्हणून देवाचे नाव घेणे, ही ती वृत्ती. खाटल्यावरच्या हरीची म्हण इतरांना विनोद वाटेल. रमाबाईंच्या घरात तिने तीन माणसे नेली होती.

म्हणूनच केडगावची रचना पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने शारदासदनाला दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले, म्हणजे ते वचन १८९८ च्या सुमारास संपणार होते. तेव्हा पुढची तजवीज म्हणून रमाबाईंनी केडगावास जमीन घेऊन फळझाडे लावण्यास आरंभ केला. झाडांच्या उत्पन्नावर सदन चालावे, अशी ती योजना होती. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि फळबागेच्या हिशेबात न बसणाऱ्या तीनशे मुलींना आश्रय द्यावयाचे त्यांनी ठरविले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. या टप्प्यावर त्यांची भरवशाची भाषा पूर्णपणे आकारास येते. ती येते कारण बाईंनी तजवीज सोडली म्हणून नव्हे. तजविजीपेक्षा कर्तव्य मोठे झाले म्हणून. जितके हिशेबात बसते तितकेच करीन असे म्हणणाऱ्याला देवावर भार टाकण्याचा प्रसंगच येत नाही. आणि भार टाकल्यावरही केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, तेलघाणा फिरला, गुरे पाळली गेली, छापखाना उभा राहिला आणि मुलींनी खिळे जुळविले. आंधळ्या मुलींनाही वाचावयास व काम करावयास शिकविले गेले. रोज सकाळी प्रार्थनेत सर्वस्व देवाच्या हवाली करणारी ही बाई दिवसभर प्रत्येक मुलीच्या हाताला धंदा देत होती. १८८७ चे स्वावलंबन येथे नाहीसे झालेले नाही. ते मुलींकडे गेले आहे.

मग रमाबाई नेमक्या कशापासून दूर गेल्या? याचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. अ. भि. शहा यांनी संपादिलेली ती पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, आणि रमाबाईंच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला वाद या पत्रांत पाहावयास मिळतो. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, यावर धर्माधिकाऱ्यांनी मत द्यावे आणि नवशिष्येने ते मुकाट्याने मानावे, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी बिशपांच्या स्वाधीन करण्यास त्या तयार नव्हत्या. मायदेशी परतल्यावर १८९३ मध्ये दुसरे वादळ उठले. शारदासदनातील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात म्हणून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा त्याग केला आणि केसरीने टीकेची झोड उठविली. एका बाजूने धर्मगुरू, दुसऱ्या बाजूने सुधारक, तिसऱ्या बाजूने सागरापलीकडील देणगीदार. प्रत्येकाचा आधार आणि प्रत्येकाची अट. अशा स्थितीत ‘माझा भरवसा केवळ देवावर’ या वाक्याला एक वेगळाच अर्थ येतो. त्यातील विरोध स्वावलंबनाशी नसून परावलंबनाशी आहे. विधवेने दिरावर, शिष्येने मठावर, संस्थेने समितीवर विसंबून राहावे असे सांगणाऱ्या जगाला दिलेले ते उत्तर आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. देणगीदार केडगावालाही होतेच. जॉर्ज म्यूलर कोणाकडे पैसे मागत नसत हे खरे, परंतु वर्षावर्षाचा सविस्तर अहवाल ते छापीत असत. मुक्तिसदनातूनही ‘मुक्ति प्रेअर बेल’ हे नियतकालिक परदेशी वाचकांस जात असे. गरज छापावयाची, प्रार्थना केली असे सांगावयाचे आणि आलेला पैसा उत्तर म्हणून नोंदवावयाचा, ही या साक्षींची ठरलेली घडण आहे. तिच्यात एक साहित्यिक दोष अटळपणे शिरतो. पैसा आला ते प्रसंग लिहिले जातात. आला नाही ते गाळले जातात किंवा ‘परीक्षा’ या एका शब्दात आटोपतात. रमाबाईंची साक्ष या दोषापासून सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणता येणार नाही. तथापि ती या जातीच्या लेखनात वरची ठरते. आपल्याला धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडावयास आणखी वर्षे लागली, अशी स्पष्ट कबुली तिच्यात आहे. १८८३ चा बाप्तिस्मा बुद्धीला पटल्यामुळे झाला आणि अंतःकरणाचा विसावा १८९१ च्या सुमारास मिळाला, हा क्रम त्यांनी लपविला नाही. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त युक्तिवाद जिंकला की विश्वास आलाच, असा सूर आहे. रमाबाईंच्या लेखी पटणे आणि विसंबणे यांत आठ वर्षांचे अंतर आहे. मराठी ख्रिस्ती गद्यात या अंतराची इतकी नेमकी जाणीव क्वचितच भेटते.

टिळकांचे प्रकरण निराळे आहे, आणि त्याविषयी अधिक मोकळेपणाने लिहिण्याची आवश्यकता आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अध्यापन, प्रचार, कीर्तन आणि ‘ज्ञानोदया’चे लेखन-संपादन करण्यात गेला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ. ही कृती धाडसाची आणि आमच्या मते योग्य होती. वेतनावर चालणारा उपदेशक हा परदेशी मिशनचा नोकर ठरतो. जोवर तो तसा आहे तोवर हिंदी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे येथेही देवावर विसंबणे हे परावलंबनाविरुद्धचे पाऊल होते. या मर्यादेपर्यंत टिळक आणि रमाबाई एकाच वाटेने जातात. टिळकांच्या अभंगांतील शरणागतीचे सामर्थ्यही नाकारता येणार नाही. बाप-लेकराचे, गुरु-शिष्याचे, सख्याचे नाते तुकोबांच्या घराण्यातील सहजतेने त्यांच्या रचनेत येते.

फरक पडतो तो घराच्या उंबरठ्यावर. टिळकांच्या अभंगांत उद्याची चिंता न करणारे मन आहे. त्या मनाच्या भोवती जे घर होते, त्याची चिंता कोणी केली हे अभंग सांगत नाहीत. अभंगाचे ते काम नव्हे, हे मान्य. परंतु टीकाकाराने तेवढ्यावर थांबू नये, कारण त्याच घरातून मराठीतील एक थोर गद्यग्रंथ निर्माण झाला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिची गणना आत्मचरित्र म्हणून होते, विनोदी गद्याचा नमुना म्हणून होते, स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून होते. ती मराठीतील विश्वासविषयक सर्वांत प्रामाणिक ग्रंथांपैकी एक आहे, असे म्हटलेले फारसे ऐकू येत नाही.

‘स्मृतिचित्रां’तले टिळक हातचे देऊन टाकणारे आहेत. पैसा त्यांच्या हाती टिकत नाही. मागणारा आला की घरात काय उरले हा विचार त्यांना शिवत नाही. अचानक घर सोडून जाणे आणि अचानक परत येणे हा त्यांचा स्वभावच आहे. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात, हसतात आणि वाचकाला हसवितात. पण हसण्याच्या खाली त्यांचा हिशेब चाललेला असतो, आणि तो बिनचूक असतो. टिळकांनी उद्याची चिंता सोडली की ती नाहीशी होत नसे. ती स्वयंपाकघरात येऊन बसत असे. आश्चर्य हे की लक्ष्मीबाईंना याचा राग येऊनही त्यांनी पतीच्या विश्वासाला ढोंग ठरविले नाही. त्यांना ते ढोंग वाटलेच नाही. देणाऱ्या हाताचे मोठेपण आणि त्या हातामुळे रिकामा झालेला डबा ही दोन्ही सत्ये त्या शेजारी शेजारी ठेवतात आणि एकाने दुसऱ्याला खोडीत नाहीत. प्रवचनकाराला हे साधत नाही, कारण त्याला निष्कर्ष हवा असतो. लक्ष्मीबाईंना झालेली गोष्ट सांगावयाची असते.

त्यांचा स्वतःचा विश्वास कसा आला, हे त्याहून मोलाचे आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या मोडून पडल्या. पतीपासून दूर, पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. तुकोबांची पालखी आकुर्डीवरून ज्या गावास जाते, त्याच गावी टिळकांच्या पत्नीने आपला वनवास काढावा, ही योगायोगाची गोष्ट; तिचा फार अर्थ लावू नये. पुढे त्या पतीकडे आल्या, पण सोवळे घेऊन आल्या, आणि चूल वेगळी राहिली. राहुरीस असताना जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा निर्णय त्यांचा त्यांनीच केला; पती जवळ असून त्यांनी उपदेशाचा रेटा लावला नाही, ही टिळकांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. देवावर विसंबण्याच्या या वाटेवर त्यांनी टाकलेले पहिले पाऊल आपल्या बुद्धीने आणि आपल्या पायाने टाकले होते. पतीने सांगितले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या असत्या तर तो पतीवरचा भरवसा झाला असता. आज्ञाधारक पत्नी म्हणून असे करणे त्या काळी सोपे होते, आणि प्रशंसाही मिळाली असती. त्यांनी पाच वर्षे लाविली.

जिजाईने जे लिहिले नाही ते लक्ष्मीबाईंनी लिहिले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तुकोबांच्या पुलावरून टिळकांबरोबर जे ओझे या तीरास आले ते हेच होते, आणि ते उचलून उजेडात ठेवणारी व्यक्ती कवी नव्हती, कवीची पत्नी होती. या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ ही टिळकांच्या अभंगांवरील सर्वोत्तम टीका ठरते. ती अभंगांना खोटे पाडीत नाही. त्यांच्या मागची बाजू दाखविते.

हा विचार केवळ वाङ्मयेतिहासाचा आहे, असे कोणास वाटेल. तसे नाही. १९६० नंतर आकुर्डी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखानदारी वाढली आणि महाराष्ट्राच्या नाना भागांतून माणसे कामासाठी आली. नगर-मराठवाड्याकडून आलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. टिळकांची गीते त्यांच्या उपासनेत आहेत आणि केडगावचे नाव त्यांच्या घरांत आदराने घेतले जाते. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या या घरांना देवावर विसंबणे म्हणजे काय, हा प्रश्न पुस्तकी नाही. आकुर्डीच्या स्कूटर-कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगार घेत गेला, हे या पट्ट्यात सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी व्यासपीठावरून ‘स्वतःवर विसंबू नका’ असे सांगितले जाते, तेव्हा ते ऐकणाऱ्याने काय समजावे? ज्याच्या हातून काम सुटले त्याला हा उपदेश आधार देऊ शकतो, आणि तोच उपदेश त्याला गप्पही बसवू शकतो. तुमच्या कष्टाला काही किंमत नाही, असा त्याचा अर्थ निघाला तर तो रमाबाईंच्या शिकवणीचा विपर्यास होईल. कोणाही मालकाच्या, समितीच्या किंवा उपदेशकाच्या मर्जीवर तुमचे मोल ठरत नाही, असा अर्थ निघाला तर तो केडगावशी आणि साताऱ्याच्या दरबाराशी इमान राखणारा होईल. उपदेशकाने यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते स्पष्ट करावयास हवे. बहुतेक छापील प्रवचनांत ते स्पष्ट होत नाही. दोन्ही अर्थ एकाच गोड वाक्यात मिसळून जातात, आणि घरी गेल्यावर ज्याला त्याला सोयीचा तो अर्थ उरतो. त्यातही एक सूक्ष्म गोष्ट राहून जाते. उपदेश बहुधा कुटुंबप्रमुखाला उद्देशून असतो. तो विसंबला, की डबा कोणी भरावयाचा हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या काळी जेथे होता तेथेच राहतो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांकडे या संदर्भात पाहावे. ऐकू येणे कमी झाले होते. कामाचा बराच भार वाहणारी एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्या काळात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत होत्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळावे, असा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते, आणि १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून ते बाहेर पडले. कन्येच्या निधनाविषयी त्यांनी शोकगाथा लिहिली नाही, मुद्रिते तपासली.

टिळकांचा अखेरचा काळ तसा पूर्णत्वास गेला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले तेव्हा देवाच्या दरबाराला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. वेतन नव्हते, ग्रंथ अपुरा होता, संघाला आकार यावयाचा होता. ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या बाईने लिहिणे-वाचणे पतीच्या घरी शिकून घेतले, तिने त्याच्या महाकाव्याचा बहुतेक सारा भाग रचला आणि उरलेला मुलाने जोडला. या काव्याचा विचार अजून बहुधा टिळकांचे अपुरे काव्य म्हणूनच होतो. लक्ष्मीबाईंचे काव्य म्हणून ते वाचावयास घेतले, म्हणजे शरणागतीच्या ओव्यांत घरातल्या हिशेबाचे शब्द कोठे कोठे उतरले आहेत, हे तपासण्याचे काम आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे, एवढे प्रस्तुत लेखक सुचवू इच्छितो.